'एआयने १२ हजार फ्रेशर्स काढले' हा मेसेज चुकीचा आहे

सध्या व्हॉट्सॲपवर फिरतंय की टीसीएसने एआयमुळे १२ हजार फ्रेशर्सना घरी बसवलं, म्हणून मुलांना कॉम्प्युटरला घालू नका. ॲडमिशनच्या तोंडावर घरोघरी यावरून भांडणं होतायत म्हणून लिहितोय.

कपात खरी आहे. जुलै २०२५ मध्ये कंपनीने साधारण २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या वर लोक कमी करणार असं सांगितलं, पण फटका मुख्यतः मिडल आणि सीनियर लेव्हलला होता, फ्रेशर्सना नाही, आणि सीईओ कृतिवासन यांनी कारण एआय नसून स्किल मिसमॅच, म्हणजे लोकांची कौशल्यं आणि कामाची गरज न जुळणं, आहे असं सांगितलं होतं. आता ते कारण कितपत पूर्ण आहे यावर वाद घाला, माझंही पूर्ण समाधान झालेलं नाही, पण 'फ्रेशर्स काढले' हे सरळ खोटं आहे.

त्याच मेसेजमध्ये 'गूगलचा २५ टक्के कोड एआय लिहितं' असंही आहे. गूगलचे सीईओ सुंदर पिचाई यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये नव्या कोडबद्दल हे म्हटलं होतं, पण पुढचं अर्धं वाक्य कुणीतरी कापलंय, तो कोड इंजिनियर तपासतात आणि मगच घेतात. तपासायला कोड वाचता यावा लागतो ना! चूक कुठे आहे, डेटाबेसवर लोड का येतोय, हे कळायला स्वतः कोड लिहून, फोडून, डीबग करूनच, म्हणजे चुका शोधून दुरुस्त करूनच, हात बसतो. इंटरव्ह्यूची तयारी करणाऱ्या मुलांनी एआय टूल जरूर वापरा, पण त्याने दिलेली प्रत्येक ओळ समजावून सांगता आली पाहिजे.