दिवा का लागला नाही, ते सांगते

दादा, माझ्या डिझेल गाडीचा धुराचा फिल्टर तुंबून दिवा लागतो, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा रागाने, दुसऱ्यांदा चहा घेऊन. तुमचं म्हणणं असं: "ताई, गाडी चालवता येत नसेल तर यंत्राला नावं ठेवू नका. माझी 2018 ची डिझेल 90 हजार किलोमीटर धावली, तुमचा तो फिल्टरचा दिवा एकदाही लागला नाही. वर लोकांना बाहेरच्या गॅरेजात तेल बदलायला आणि उंदीर पळवायला बॉनेटखाली तंबाखूची पानं ठेवायला सांगता!"

दिवा लागला नाही, कारण तुमच्या गाडीत बहुधा तो फिल्टरच नाही. 2018 ची म्हणजे बीएस-4, धुराच्या प्रदूषणाच्या जुन्या निकषांची. धुरातली काजळी अडवणारी ही चाळणी, डीपीएफ, आपल्याकडच्या छोट्या डिझेल एसयूव्हींना लागली ती बीएस-6 आल्यावर, म्हणजे 1 एप्रिल 2020 पासून. मारुतीने तर त्याच वेळी डिझेलला रामराम ठोकला, कारण लहान गाडीत या खर्चाचं गणित बसेना. माझी गाडी 2021 ची आहे.

चाळणीत साठलेली काजळी जाळायला सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. त्यासाठी गाडी स्वतःच जादा डिझेल सोडते, आणि पंधरा-वीस मिनिटं न थांबता, बऱ्या वेगात धावावं एवढीच तिची अपेक्षा असते. माझा रोजचा रस्ता म्हणजे चिपळूणमधलं घर, मुलीची शाळा, बाजारपेठ. 4 किलोमीटर. काजळी पेटू लागते आणि मी शाळेच्या फाटकाशी चावी फिरवते. असं वारंवार झालं की न जळालेलं डिझेल सिलिंडरच्या कडेने खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. एकदा डिपस्टिक (तेलाची पातळी बघायची पट्टी) काढून पाहिली तर तेल वरच्या खुणेच्याही वर! गाडी तेल खात नाही म्हणून मी आधी खूशच झाले होते.

तेव्हा चालवता येण्या-न येण्याचा प्रश्न नाही. 4 किलोमीटर कितीही छान चालवले तरी ते 4 किलोमीटरच राहतात. आमच्या बोळात वळावी म्हणून चार मीटरच्या आतली गाडी घेतली, ते बरोबरच होतं. मायलेजच्या मोहाने डिझेल घेतली, तिथे चुकले. नवरा पेट्रोल घेऊ म्हणत होता (हे वाक्य त्याला दाखवू नका).

आता दर शनिवारी पोफळी सोडून कुंभार्ली घाट चढते. तिसरा गिअर, आरपीएम दोन हजारांच्या वर, हेळवाकला चहा आणि परत. थांबल्यावर इंजिनाचा आवाज नेहमीपेक्षा चढा वाटला, पंखा जोरात फिरत असला, गरम वास आला, तर काजळी अजून जळते आहे असं समजून बंद करत नाही. आणखी थोडी फिरवून आणते. असं केल्यापासून दिवा एकदाच लागला, तोही पावसात दोन आठवडे घाटात गेले नव्हते तेव्हा.

तेलाबाबत मात्र तुम्ही म्हणता ते खरं, आणि मला ते झोंबलंही. बाहेरच्या गॅरेजात जायला माझी आजही हरकत नाही, पण मी तेलाचा ग्रेड लिहिलाच नव्हता. डीपीएफवाल्या गाडीला कमी राख सोडणारं तेल लागतं. साध्या तेलाची राख काजळीसारखी जळत नाही, ती चाळणीत कायमची बसते. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला ग्रेड डब्यावर स्वतः वाचायचा, मेकॅनिकच्या "चालतंय हो"वर जायचं नाही.

तंबाखूच्या पानांनी उंदीर जात नाहीत, हेही कबूल. वायरी कुरतडायचं थांबलं ते शेडशेजारचा नारळाच्या सोडणांचा ढीग परसात हलवल्यावर. पानं तशीच राहिली होती, म्हणून श्रेय त्यांना दिलं.

तेलाची आणि पानांची, दोन्ही वाक्यं मूळ लेखात आज दुरुस्त केली आहेत. आणि दादा, तुमच्या गाडीचं नोंदणीपुस्तक एकदा काढून बघाच.