पॅलाडिन पाडण्याची सोपी कृती

रविवारी दुपारी चौघे तुमच्या घरी जमतात. पंखा तुमचा, फासे तुमचे, संध्याकाळची शेवभाजीही तुमच्याच खिशातून, आणि कौतुक मात्र सगळं त्या पॅलाडिनचं. किती दिवस सहन करायचं? तुम्ही डीएम आहात, म्हणजे डंजन मास्टर, गोष्ट सांगून खेळ चालवणारा. डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळात बाकीचे एकेक पात्र घेऊन बोलतात, फासे टाकतात; पण डोंगर तुम्ही उभे करता, पाऊस तुम्ही पाडता, राजा तुम्ही, राक्षस तुम्ही, देवही तुम्हीच. मग एक माणूस पाडणं काय अवघड आहे?

आधी सावज ओळखून घ्या. पॅलाडिन म्हणजे देवापुढे शपथ घेतलेला योद्धा. नुसता हात ठेवला की जखम भरते, वाईट शक्ती जवळ असली की त्याला कळते. खेळ १९७४ चा, हा गडी आला पुढच्या वर्षी, ग्रेहॉक नावाच्या पुरवणीतून. करिष्मा, म्हणजे पात्राची छाप पाडण्याची ताकद, किमान सतरा हवा ही अट तेव्हापासूनची, आणि तो आकडा फाशांवर ठरायचा. सहा बाजूंचे तीन फासे २१६ वेळा टाकले तर सतरा किंवा त्याच्या वर सरासरी चारदा येतं, म्हणजे बिचारा जन्मालाच मुश्किलीने यायचा. १९७८ च्या प्लेयर्स हँडबुकाने तर अशा अटी घातल्या की सोयरीक जमवतानाही कुणी घालत नाही. जात माणसाचीच हवी. जादूच्या वस्तू दहापेक्षा जास्त बाळगायच्या नाहीत. कमाईचा दहावा हिस्सा दान. स्वभाव 'लॉफुल गुड', म्हणजे कायद्यानेही वागायचं आणि चांगलंही वागायचं. आपल्याकडे कुठल्याही सरकारी कचेरीत एकदा जाऊन आलेल्या माणसाला यातली गंमत समजावून सांगावी लागत नाही.

त्याच पुस्तकात तुमच्या कामाचं कलम आहे. जाणूनबुजून दुष्कृत्य केलं की पॅलाडिनपद कायमचं गेलं, उरला साधा तलवारवाला. यातला 'जाणूनबुजून' हा शब्द पेन्सिलने खोडा. फार अडचणीचा शब्द आहे तो.

कुणी म्हणेल, आपण तर २०१४ ची आवृत्ती खेळतो. त्यात शपथा निवडता येतात, सूडाची शपथसुद्धा आहे, आणि लॉफुल गुडची सक्ती तर २००८ मध्येच गेली. म्हणू दे. हुशार डीएम बक्षिसं नव्या पुस्तकातून देतो आणि शिक्षा जुन्यातून काढतो.

आता प्रत्यक्ष कृती. आमच्या अमळनेरातला प्रयोग सांगतो, मी स्वतः केलेला, म्हणून खात्रीचा. या गावात १९१६ साली प्रतापशेठजींनी तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी अख्खी संस्था काढली, तेव्हा नीतीचा पेच टाकण्याचा हक्क आम्हाला वारशानेच मिळालाय असं मी समजतो.

आमचा पॅलाडिन खत-बियाण्यांचं दुकान चालवतो. पेरणीच्या दिवसांत कपाशीच्या चालत्या वाणाची बॅग हवी असेल तर सोबत न खपणारी दोन औषधंही गळ्यात मारायची, याला लिंकिंग म्हणतात. तो ते करत नाही. म्हणजे हा माणूस जूनभर दुकानात नुकसान सोसून सरळ वागतो, आणि रविवारी चार तास तलवार घेऊन सरळ वागायला माझ्या घरी येतो. देवता कोणती घेणार विचारलं, तर पुस्तकातली एकही परदेशी देवता त्याला पसंत पडली नाही. म्हणाला, कानबाई, आमच्या खान्देशातली देवी. पात्राच्या कागदावर मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'कानबाईचा सेवक'. श्रावणात नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी त्यांच्याकडे कानबाई बसते, रोट होतात, आणि त्या रविवारी आमचा खेळ बंद असतो. असं सावज मिळायला भाग्य लागतं.

पहिला डाव नेहमी गोब्लिनच्या, म्हणजे खेळातल्या बुटक्या राक्षसांच्या, पोरांचा टाकावा. जुना आहे, पण फौजदारी डाळीसारखा, कधी फसत नाही. गुहेतली लढाई संपू द्या. सगळे दमलेत, कुणीतरी चहाचं विचारतंय, तेवढ्यात आवाज खाली आणून सांगा की मागच्या कोपऱ्यातून रडण्याचा आवाज येतोय.

"कितला शेतस?" त्याने विचारलं. खेळात रंगला की तो अहिराणीवर येतो.

"अकरा."

"त्यास्नी माय?"

"आत्ताच मारली तू."

इथे थांबा. चहाचा घोट घ्या. पोरं मारली तर दुष्कृत्य. सोडून दिली तर उपाशी मरतील, ते पाप त्याच्याच माथी. जगली तर मोठी होऊन गाव जाळतील, तेही त्याच्याच माथी. तिन्ही दारांना बाहेरून कडी घातली की मग म्हणायचं, "बघ बुवा, तुझा निर्णय, मी काही बोलणार नाही."

आमच्या गड्याने मात्र वेळ खाल्ला. पुस्तक उघडून किमती पाहिल्या. शेळी एका सोन्याच्या नाण्याला मिळते. त्याने खालच्या गावातून चार शेळ्या घेतल्या, एक गाढव भाड्याने घेतलं, पोरांना टोपल्यांत बसवलं आणि पेन्सिलने हिशेब मांडला, कुणाला दिवसाला किती दूध. दोन दिवसांच्या वाटेवरच्या मंदिरात नेऊन पोचवणार म्हणाला. बाकीचे तिघे हसले, पण टोपल्या उचलायला आले. असं होऊ शकतं, हे तुम्हाला कुठलंच पुस्तक सांगत नाही. यावर उपाय एकच. त्या रात्री एका पोराने पुजाऱ्याचा गळा चिरला असं जाहीर करा आणि लगेच देवीचा कोप सांगा. ताकद गेली, हातातली माया गेली, घोडा गेला.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हाई कानबाई मनी शे का तुनी, भो?"

असल्या प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं. "डीएमचा शब्द शेवटचा," म्हणायचं आणि वही मिटायची.

दुसरा डाव आपल्या घरचाच आहे, कर्णपर्वातला. कौशिक नावाचा तपस्वी, कायम खरंच बोलायचं असं व्रत घेतलेला. दरोडेखोरांना भिऊन लोक रानात लपले, दरोडेखोरांनी याला विचारलं, याने खरं सांगितलं, लोक मेले आणि हा नरकात गेला. तुमच्या पॅलाडिनला तिठ्यावर उभा करून हाच प्रश्न विचारा. खरं बोलला तर लोक मेले म्हणून पाडा. खोटं बोलला तर २००० सालच्या पुस्तकातली आचारसंहिता दाखवा, पॅलाडिनने खोटं बोलू नये असं त्यात स्वच्छ छापलंय.

गोष्ट इथेच तोडा मात्र. कृष्ण ती सांगतो कुणाला आणि कशासाठी, तिकडे वळू नका. गांडीव दुसऱ्याला दे म्हणणाऱ्याचा जीव घेईन अशी अर्जुनाची प्रतिज्ञा, आणि नेमका धर्मराजच तसं बोलून बसला. अर्जुनाने तलवार उपसली. कृष्णाने आधी कौशिक ऐकवला, मग वाट काढून दिली की मोठ्या भावाला अरेतुरे करून अपमान कर, थोरांच्या बाबतीत तो वधच. प्रतिज्ञा राहिली, भाऊही राहिला. असले डीएम खेळाडूंना लाडावून ठेवतात. त्यापेक्षा द्रोणपर्व वापरा. धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा, अश्वत्थामा मेला म्हणाला, हत्ती हळूच म्हणाला, आणि चाकं जमिनीला टेकली. ते खोटं बोलायचा सल्ला कुणी दिला होता, हे विचारणारा खेळाडू निघालाच तर त्याला भाकरी आणायला पाठवा.

राजाचा आदेश एक आणि धर्म दुसरा, हा तिसरा डाव. चालतो, पण फार वापरला गेलाय.

एक गोष्ट कटाक्षाने सांभाळा. पेच फक्त पॅलाडिनलाच टाकायचा. आमच्या टेबलावरचा चोर मेलेल्यांच्या खिशांत हात घालतो, जादूगाराने माणसांनी भरलेल्या खाणावळीत आगीचा गोळा फेकला होता. त्यांना काही विचारायचं नाही. चोर तो चोरच, जादूगार तापट आहे. ज्याने शपथ घेतली त्याचीच उलटतपासणी. भाऊबंदकीत जो वर्गणी वेळेवर देतो, हिशेबही त्यालाच विचारतात ना, तसं.

पाडल्यावर लोक प्रायश्चित्ताचं काढतील. मंत्र आहे, पण पाचव्या पातळीचा, तो म्हणू शकणारा पुजारी साध्या देवळात बसलेला नसतो. तो समुद्रापलीकडे ठेवा. बोट पुढच्या पावसाळ्यात.

आमचा गडी त्यानंतर तीन रविवार आला नाही. दुकानात गेलो तर म्हणाला सीझन आहे. पोरांच्या दुधाच्या हिशेबाचा कागद माझ्या वहीत राहिला होता तो द्यायला काढला, तर म्हणाला, राहू दे तुझ्याकडेच. चौथ्या रविवारी आला तो नवीन कागद घेऊन. चोर. देवतेच्या रकान्यात काही नाही. गुहेत रडणं ऐकू आलं तरी आता तो पेटी उघडायला पुढे जातो. खेळ अगदी सुरळीत चाललाय, पेच पडतच नाहीत.

येत्या रविवारी बारावीतला एक मुलगा येणार आहे, शेजाऱ्यांचा. पुस्तक वाचून आलाय. मला जिन्यात गाठून विचारत होता, "काका, मी पॅलाडिन घेतला तर चालेल ना?"

म्हटलं, घे ना रे भो, बिनधास्त घे. अकरा पोरं कोपऱ्यात बसवून ठेवलीच आहेत.