‘मेलेल्या पायाला करंट’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. लकव्यानंतर चालताना पाऊल घासू नये म्हणून पायाच्या नसेला हलका करंट देतात, त्यावर मी लिहिलं होतं. त्याखाली तुम्ही लिहिलंत : “मेलेल्या पायाला करंट देऊन माणूस चालत नाही. त्यापेक्षा साधा स्प्लिंट बरा. बाकी सगळी फिजिओवाल्यांची दुकानदारी, आणि तुम्ही त्यांची जाहिरात करताय.” (स्प्लिंट म्हणजे पाऊल खाली लोंबू नये म्हणून पायाला बांधायचा आधार.)

मतभेदाचं मला काही वाटत नाही. पण ज्यांच्या घरात असा माणूस खाटेवर आहे तेही हे वाचतात, एवढं तरी भान ठेवायचं. त्या माणसाच्या देखत बोलला असतात का हे?

आणि पाय मेलेला नसतो. लकव्यात इजा मेंदूत होते. मणक्यातून पायाकडे जाणारी नस आणि पाऊल उचलणारा स्नायू शाबूत असतात, फक्त वरून हुकूम येत नाही. म्हणूनच गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला, हाडाच्या उंचवट्याजवळून जाणाऱ्या नसेला करंट दिला की नडगीपुढचा स्नायू आवळतो आणि पाऊल वर उचललं जातं. ती नसच तुटली असती तर असं झालं नसतं. लिबरसन नावाच्या डॉक्टरांनी अमेरिकेत १९६१ साली टाचेखालच्या स्विचवर हे जमवून दाखवलं : टाच उचलली की करंट सुरू, टेकली की बंद. तुम्ही ज्याला दुकानदारी म्हणता त्याच्यामागे इतक्या वर्षांचं काम आहे.

माझ्या बाबांच्या पायाला करंटचं पॅड मीच लावायचे. जागा जराशी चुकली तर पाऊल वर येण्याऐवजी बाहेरच्या बाजूला वळायचं. मग पॅड बोटभर सरकवायचं, पुन्हा बघायचं. नीट बसलं की ज्या उंबरठ्याला त्यांचा अंगठा रोज अडकायचा, तो ते भिंतीला हात न लावता ओलांडायचे. हे मी समोर उभं राहून पाहिलंय. तुम्ही काय पाहिलंत, ते प्रतिक्रियेत कुठे दिसलं नाही.

स्प्लिंट स्वस्त आहे, हे मान्य. त्याने चालणं सुधारतं, हेही मान्य. २०१३ साली अमेरिकेतल्या १९७ रुग्णांच्या अभ्यासात स्प्लिंट आणि करंट, दोन्ही गटांचा चालण्याचा वेग वाढला आणि दोघांत फारसा फरक निघाला नाही. म्हणजे तुमचा स्प्लिंट जेवढा कामाचा, तेवढाच करंटही. मग एकाला ‘साधा, बरा’ म्हणायचं आणि दुसऱ्याला फसवणूक, हे कुठल्या हिशोबात बसतं?

जाहिरातीच्या आरोपाला मी उत्तर देणार नाही. पेसमेकर असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे यंत्र लावू नये, हे मी मूळ लेखात पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय. जाहिरात करणारं कुणी तिथून सुरुवात करत नाही. लेख पुरता वाचून या, मग बोलू.