पोह्याच्या पाण्यावरची गाडी

‘ती पोह्याच्या पाण्यावर चालणारी गाडी तुमचीच का हो?’ असं काल दुधाच्या दुकानात एका बाईंनी मला विचारलं. मी त्यांना ओळखत नाही, त्या मला ओळखत नाहीत. म्हणजे बातमी इंदूरच्या रामबागेतून निघून आमच्या राजेंद्र नगरापर्यंत पोचली आहे, आणि वाटेत तिला कुठेही गॅस कमी पडलेला नाही.

झालं एवढंच की मावशी पुण्याच्या गाडीने येणार होती आणि मी तिला आणायला स्टेशनवर निघालो होतो. जानेवारीची सकाळ. शास्त्री ब्रिजच्या चढावर गाडी आचके द्यायला लागली, एकदा शिंकली आणि गप्प झाली. गाडी म्हणजे वडिलांनी 1997 साली घेतलेली मारुती 800, नंतर तिला एलपीजी किट बसवलेलं. आरसीवर रीतसर नोंद आहे, हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर जो-जो भेटला त्याने तेच विचारलं. दोन पोरांनी धक्का मारून चढ पार करून दिला आणि उतारावर गाडी आपली आपण घरंगळत एका पोहेवाल्याच्या ठेल्यासमोर थांबली.

बटण गॅसवरून पेट्रोलवर टाकलं. काही नाही. परत गॅसवर. काही नाही. गाडीत दोन-दोन इंधनं आणि मी मात्र पायी.

बोनेट उघडलं तर रिड्यूसरवर पांढरंशुभ्र बर्फ. ज्यांनी गॅसची गाडी बाळगली नाही त्यांच्यासाठी सांगतो: टाकीतला गॅस हा द्रव असतो. तो पुढे इंजिनाशेजारच्या रिड्यूसरमध्ये येतो आणि तिथे त्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते, ती इंजिनाच्या गरम पाण्यातून मिळते. त्यासाठी दोन नळ्या लावलेल्या असतात. ते पाणी गरम नसेल तर गॅस रिड्यूसरचीच उष्णता ओढून घेतो, वर बर्फ साठतं, आणि अर्धवट द्रव पुढे जाऊन इंजिनाचा गळा धरतो. एवढं मला कळत होतं. इंजिन चांगलं अर्धा तास चाललेलं असताना पाणी गार का, हे कळत नव्हतं. इतक्यात मावशीचा फोन आला. तिला म्हटलं, ‘मावशी, तिथेच बाकावर बस, गाडी जरा गारठलीये.’

हे मराठीत बोललो, तिथेच घात झाला.

‘आपलेच आहेत!’ असं पोहे खाणाऱ्या समस्त जनतेला जाहीर करत एक काका पुढे आले. माकडटोपी, त्यावर मफलर, हातात पोह्यांची प्लेट, पोह्यांवर शेव, शेवेवर जिरावन मसाला. त्या क्षणापासून गाडी त्यांची झाली आणि मी त्यांचा हेल्पर.

‘बंद पडून गेली का?’

‘हो ना काका.’

‘गॅस आहे ना पण?’

‘आहे. तीन हिरवे दिवे लागलेत.’

‘दिव्यांचं काय सांगता! टाकी हलवून पाहिली का?’

‘काका, ती डिकीत स्टेपनीच्या जागी बोल्टने आवळलेली आहे. हलत नाही.’

‘मग आडवी करा. आमची सौभाग्यवती टाकी संपत आली की शेवटचा कुकर आडव्या टाकीवरच लावते.’

‘ती आडवीच आहे.’

काका थांबले. एक घास खाल्ला, सावकाश चावला. बोनेटपासून डिकीपर्यंत एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, ‘मग उभी करा.’

घरातली टाकी आडवी करू नये, द्रव गॅस सरळ शेगडीच्या नळीत उतरतो, आणि गाडीत तर मुद्दामच तळातला द्रव ओढतात, त्यामुळे आडव्या-उभ्याचा इथे संबंध नाही, असं मी सांगायला लागलो. पण माझ्या वाक्याच्या मध्यावर येईपर्यंत काका 1990 च्या सुमारास पोचले होते. त्या काळी लोक घरची लाल टाकी डिकीत ठेवून वर सतरंजी टाकायचे आणि गाडी ‘मख्खन’ चालायची म्हणे. मी म्हटलं, काका, तो गुन्हा होता आणि आजही आहे. गाडीत एलपीजी वापरायला कायद्याने परवानगी मिळाली ती 2000 साली, तीसुद्धा पक्क्या बसवलेल्या टाकीत पंपावरून भरून. त्यावर काकांनी पोहेवाल्याकडे वळून शांतपणे निदान दिलं, ‘म्हणून बंद पडली. कायद्याच्या गाड्या अशाच बंद पडतात.’

जनता हसली. एकाने पुढे येऊन ‘भिया, सीएनजी की लाइन चोक होगी’ असं सांगितलं. गाडी एलपीजीची आहे म्हटल्यावर ‘एकी बात है’ म्हणाला. एकच गोष्ट कशी असेल? सीएनजी सुमारे 200 बार दाबाने ठासून भरलेला वायू, एलपीजी त्याच्या विसाव्या भागाइतक्या दाबाखालचा द्रव. पण हल्ली कंपन्या सीएनजीच्याच गाड्या काढतात. आम्ही एलपीजीवाले म्हणजे कुणाच्याच खिजगणतीत नाही. पंपावर सुद्धा ‘अभी भी चलती है ये?’ असं विचारून मग नळी लावतात.

मी जरा चिडून म्हणालो, ‘काका, मला उशीर होतोय, गॅसवाल्याला फोन करू द्या.’

काकांनी प्लेट बोनेटच्या कडेवर ठेवली. ‘मी हुकुमचंद मिलमध्ये बॉयलरवर होतो,’ ते म्हणाले. ‘1991 ला मिल बंद पडली. आमचे थकलेले पैसे कधी मिळाले माहीत आहे? 2023 च्या डिसेंबरात. बत्तीस वर्षं थांबलो आम्ही. तुमच्याने पाच मिनिटं थांबवत नाही?’

आता यावर काय बोलणार? खरंच होतं ते. इंदूरमध्ये सगळ्यांना माहीत आहे. कित्येक कामगार तो पैसा बघायच्या आधीच गेले. पण म्हणून काय आयुष्यातला हरेक वाद त्या बत्तीस वर्षांनी जिंकायचा? माझ्या बंद गाडीचा आणि मिलच्या देण्यांचा काही संबंध नाही, हे त्या चौकात उभं राहून मोठ्याने म्हणण्याची माझी छाती नव्हती. मी फोन खिशात घातला.

‘टाकीला थंडी वाजून राहिली आहे,’ काका म्हणाले. ‘गरम पाणी ओता.’

‘टाकीवर नको,’ मी म्हणालो. ‘इथे, या रिड्यूसरवर. बर्फ इथे आहे.’ हे वाक्य मी बोललो होतो. साक्षीदार होते. आज एकालाही आठवत नाही.

आणि गरम पाणी होतं हाताशी, कारण आमच्याकडे पोहे उकळत्या पाण्याच्या भांड्यावर, वाफेवर ठेवलेले असतात. बॉयलरवाल्या माणसाला वाफ दिसली आणि तो थांबेल? पोहेवाला ‘काका, पोए ठंडे हो जाएँगे’ म्हणत होता तोवर काकांनी परात बाजूला सरकवून पाण्यात मग्गा बुडवलासुद्धा. फक्त उकळतं पाणी थेट गारठलेल्या ॲल्युमिनियमवर ओतलं तर तडा जायचा, म्हणून मी म्हणालो, कापड भिजवून गुंडाळू.

काकांच्या गळ्यात मफलर होता. माझ्याही गळ्यात होता. भिजला माझा.

त्या पाण्यात हळद, मोहरी, दोन-चार शेंगदाणे आणि एक कढीपत्त्याचं पान होतं. मफलर राखाडी होता, नवा होता. आता अर्धा पिवळा आहे; साबण झाला, लिंबू झालं, ऊन झालं, हळद हटत नाही. बर्फ मात्र थोड्या वेळात थेंब-थेंब गळायला लागलं, बोनेटमधून गॅसचा तो सडका वास आणि फोडणीचा वास असं काहीतरी मिश्र आलं, आणि चावी फिरवल्यावर गाडी चालू झाली.

टाळ्या वाजल्या. काकांनी हात वर करून त्या स्वीकारल्या. पोहेवाल्याने पाण्याचे पैसे घेतले नाहीत, पण ठंड्या झालेल्या पोह्यांच्या प्लेटी माझ्या नावावर गेल्या, शिवाय काकांची जलेबी.

मग ‘मध्येच परत बंद पडली तर?’ म्हणून काका पुढच्या सीटवर बसले. स्टेशनवर मावशी मागे, तिची ट्रंक तिच्या मांडीवर, कारण डिकीत टाकी. रामबागेतल्या काकांच्या दारापर्यंत त्यांनी तिला सगळा प्रसंग सांगितला, त्यात मी ‘हे घाबरून गेले होते’ एवढाच होतो. मावशीने तो घरी पोचायच्या आत कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला, फोटोसकट. फोटोत मफलर आहे.

खरा संताप त्याच्या पुढचा. गॅसवाल्याकडे गेलो. त्याने नळ्या बघितल्या, म्हणाला, गॅस एकदम ओके, इंजिन ठंडं चालतंय, मिस्त्रीला दाखवा. आणि पेट्रोलवर का चालू झाली नाही? तर पेट्रोलचा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारा वॉल्व्ह, अडकला होता. ‘उसके नीचे हाथ से खोलने की चाबी दी है ना, भाईसाब.’ चाबी म्हणजे एक चिमुकला स्क्रू, भिंतीकडे तोंड करून बसवलेला. किट बसवताना हे सांगायला काय झालं होतं? ‘किसी ने पूछा नहीं.’

मिस्त्री म्हणाला, रिड्यूसर गारठतो म्हणजे गॅसचाच प्रॉब्लेम, आमचा नाही. टाकीपासून गॅसमध्ये हवा मिसळणाऱ्या मिक्सरपर्यंत गॅसवाला, रेडिएटरपासून सायलेन्सरपर्यंत मिस्त्री, आणि मधल्या दोन पाण्याच्या नळ्यांना वाली नाही. मी त्याच्या डोक्यावर उभाच राहिलो, तेव्हा त्याने वैतागून एक बोल्ट काढला, झाकण उचललं आणि आत बोट घातलं. जिथे थर्मोस्टॅट वॉल्व्ह असायला हवा तिथे नुसतं भोक. थर्मोस्टॅट इंजिनाचं पाणी तापेपर्यंत रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तोच नसेल तर पाणी थंडीत तापतच नाही.

‘वॉल्व्ह कुठे गेला?’

‘वो तो अपन ने गर्मी में निकाल दिया था, भिया. गाड़ी गरम नी होती उससे.’

‘मला न विचारता?’

‘सबका निकालते हैं.’

जुना वॉल्व्ह भंगारात गेला होता. नवा शोधायला अर्धा दिवस गेला, कारण या गाडीचे पार्ट आता कुणी ठेवत नाही. वॉल्व्हचे पैसे मी दिले, गास्केटचे मी दिले, आणि त्यानेच काढलेली वस्तू परत बसवायची मजुरीही मी दिली. त्याने पैसे मोजून खिशात घातले, हात पुसले आणि आपुलकीने म्हणाला, ‘अप्रैल में आ जाना, फिर निकाल देंगे.’