घरीच तर होतीस, तुला कोण बघणार होतं?

आज शाळेच्या ग्रुपवर कोविडच्या आठवणी निघाल्या. एकीने मला लिहिलं, "तुझं बरं होतं गं तेव्हा. घरातच बसायचं, अंगावरचे चट्टे बघायला कोणी नाही." खाली दोघींचे हसरे इमोजी. ग्रुपवर वाद घालायची माझ्यात ताकद नाही, म्हणून इथे लिहितेय.

मला सोरायसिस आहे, म्हणजे अंगावर जाड, लाल, खवले सुटणारे चट्टे उठवणारा त्वचेचा आजार, हे इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे. तो कुणाला लागत नाही, हेही तुम्हाला वेगळं सांगायला नको. पण कोणी बघितलं नाही की तो नसतो, असं असतं का? रात्री खाज थांबते? उठल्यावर चादरीवर खवल्यांचा सडा पडायचा राहतो? लोकांच्या नजरेचा त्रास असतोच, नाही कशाला म्हणू. पण आजार म्हणजे फक्त तेवढंच, असं तुम्ही कुणी ठरवलं?

मार्च २०२० मध्ये ओपीडी बंद झाली तेव्हा माझी यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांची उपचारपद्धती, चालू होती. आठवड्यातून दोन-तीनदा त्या दिव्यांच्या पेटीत उभं राहायचं, थोड्या वेळापासून सुरुवात करून डोस हळूहळू वाढवत न्यायचा. मध्ये मोठा खंड पडला की कातडी भाजू नये म्हणून डोस पुन्हा खाली आणावा लागतो. तो खंड पडला. जे चट्टे सपाट होत आले होते ते परत जाड व्हायला लागले.

मग डॉक्टरांनी व्हिडिओ कॉलवर बघायचं ठरवलं. चट्टे पाठीवर आणि कमरेवर. स्वतःची पाठ स्वतः कशी दाखवणार? धाकट्या भावाला बोलावलं. त्याने एका हातात फोन धरला, दुसऱ्या हातात टॉर्च. स्क्रीनवर लाल रंग एकदा तपकिरी दिसायचा, एकदा पार पांढरा पडायचा. डॉक्टर म्हणाले, "जाडी कळत नाहीये, जरा हात लावून सांगता का?" भाऊ थांबला. मग बोट फिरवत म्हणाला, "कडा उचललेल्या आहेत. मध्ये जाड आहे. गरम लागतंय." एका घरात वाढलो आम्ही, पण माझ्या पाठीला त्याचा हात कधी लागला नव्हता, मीच लागू दिला नव्हता. आणि म्हणे बघायला कोणी नव्हतं!

हातांचं तर विचारूच नका. वीस सेकंद साबण लावा, दिवसभर लावत राहा. विषाणूचं स्निग्ध आवरण साबणाने फुटतं, बरोबर आहे. पण तोच साबण त्वचेचा ओलावा धरून ठेवणारी स्निग्धताही धुऊन नेतो. पेरांवर भेगा पडलेल्या, आणि त्यावर सॅनिटायझर. डोळ्यांत पाणी यायचं. हात धुतल्यावर ओलसर असतानाच जाड मलम लावा, ही एवढी एक ओळ त्या सगळ्या सूचनांमध्ये घालायला काय जात होतं? एक्झिमावाल्यांचेही तेच हाल होते.

आणि गोळ्या! मी मेथोट्रेक्सेटवर होते, सोरायसिस आटोक्यात ठेवणारी गोळी. आठवड्यातून एकदाच घ्यायची, जोडीला फॉलिक अ‍ॅसिड, ठरावीक काळाने रक्त तपासायचं. जो तो फोन करून सांगतोय, "त्याने प्रतिकारशक्ती कमी होते, आधी बंद कर." शेवटी त्याच कॉलवर माझ्याआधी भावानेच विचारून टाकलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, मनाने काही बंद करायचं नाही, ताप-खोकला आला तर आधी मला कळवायचं. त्याच काळात लोक कोविड टळेल या आशेने हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, ही मूळची मलेरियावरची गोळी, सल्ल्याशिवाय घेत होते. त्या गोळीने काहींचा सोरायसिस उसळतो, हे सांगायला त्यांच्याजवळ कोण होतं? इकडे ल्युपसचे (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजाराचे) रुग्ण, ज्यांना तीच गोळी रोज लागते, ते ती शोधत हिंडत होते. आजही आठवलं की संताप होतो.

हो, मान्य. तेव्हा माणसं श्वासासाठी तडफडत होती, त्यांच्यापुढे माझी पाठ थांबू शकत होती. ती थांबली, मी एका शब्दाने तक्रार केली नाही. म्हणून मला काही झालंच नव्हतं, असं नाही ना होत? जागतिक आरोग्य संघटनेच्या (डब्ल्यूएचओ) जागतिक आरोग्य सभेने २०१४ मध्येच ठरावात लिहून ठेवलंय की सोरायसिस हा दीर्घकालीन, वेदनादायी, माणसाला अपंग करू शकणारा आणि पूर्ण बरा न होणारा आजार आहे.

एवढं लिहिल्यावर राग जरा उतरलाय. मैत्रिणीने वाईट हेतूने लिहिलं नसणार, ती तशी नाहीच. त्या दिवशी कॉल संपल्यावर भावानेही विचारलं होतं, "ताई, हे दुखतं का गं?" इतक्या वर्षांनी! त्यालाही ही फक्त खाजच आहे असं वाटत होतं. मी हो म्हटलं. तेव्हापासून जिथे माझा हात पोचत नाही तिथे मलम तो लावून द्यायचा, न सांगता.

तुमच्यापैकी ज्यांची यूव्हीबी, मेथोट्रेक्सेट किंवा बायोलॉजिक इंजेक्शनं (प्रतिकारशक्तीचा ठरावीक भागच रोखणारी औषधं) चालू आहेत, त्यांनी पुढच्या भेटीत डॉक्टरांना एवढं विचारून घ्या: उद्या महिनाभर येता आलं नाही तर काय चालू ठेवायचं, काय थांबवायचं, रक्त कधी तपासायचं. कागदावर लिहून मागा. आणि स्टेरॉइडच्या गोळ्या असतील तर त्या एकदम तोडू नका, सोरायसिस भयंकर उलटतो. काही विचारायचं असेल तर मला इनबॉक्समध्ये लिहा, उशिरा का होईना, उत्तर देईन.