हारातला झेंडू, अंड्याची टरफलं आणि चिमूटभर हळद

“हारातला वाळका झेंडू कुंडीत चुरगळा, वर चहाचा चोथा, कडेने अंड्याची टरफलं, चिमूटभर हळद. झेंडूला कीड लागतच नाही!” हा मेसेज दर पावसाळ्यात फिरतो.

हारातून बी मिळते, हे अर्धं खरं. हाराची फुलं ताजी तोडतात, त्यामुळे बरीचशी बी पोचटच असते. पाकळी ओढून पाहा. खालची काडी काळी, कडक असेल तर उगवण्याची आशा; पांढरी, मऊ असेल तर फेकून द्या. संकरित जात असेल तर फुलं तशीच येतील याची खात्री नाही. आणि चुरगळू नका, ओल्या पाकळ्यांना बुरशी धरते. बी सुटी करून ट्रेमध्ये 2 भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), 1 भाग गांडूळखत भरून अर्धा सेंटिमीटर खोल पेरा. साधारण आठवड्यात उगवते.

दूध-साखरेच्या चहाचा चोथा म्हणजे मुंग्यांना आणि बारीक काळ्या चिलटांना आवतण. चिलटांच्या अळ्या कोवळी मुळं खातात. चोथा धुऊन कंपोस्टमध्ये टाका.

बुरशी रोखायला हळदीवर ठेवलेला भरवसा सगळ्यात महागात पडतो. संध्याकाळी ताठ असलेलं रोप सकाळी आडवं. खोड मातीलगत दोऱ्याएवढं बारीक, पाणचट. ही रोपमर. पिथियम, रायझोक्टोनियासारख्या बुरशा सततच्या ओलीत वाढतात आणि हळद वरच्या वर राहते. पेरण्याआधी किलोभर मिश्रणाला 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) मिसळा, बी विरळ टाका. ट्रे पाण्यात 15-20 मिनिटं ठेवून निथळू द्या. वरचा थर सुकल्याशिवाय पुन्हा पाणी नको. आडवी पडलेली रोपं काढून टाका, ती सावरत नाहीत.

टरफलं गोगलगाय अडवतात म्हणे, पण त्यांवरून ती खुशाल जाते. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने 2018 मध्ये लेट्यूसवर हे तपासलं, टरफलांनी फरक पडला नाही. रात्री टॉर्च घेऊन, हातमोजे घालून गोगलगाई वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका. ट्रे उंचावर ठेवा. गोगलगाय मारायच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कुत्र्या-मांजरांना विषारी, घरात टाळाच.

राहिलं “कीड लागतच नाही”. फ्रेंच झेंडूची मुळं जमिनीतले काही सूत्रकृमी (मुळांना लागणारे सूक्ष्म जंत) रोखतात, एवढंच त्यात तथ्य. पानांवर मात्र लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) हमखास येतो, विशेषतः उन्हाळ्यात: बारीक पिवळे ठिपके, मग जाळी. पानांच्या पाठीमागून पाण्याचा फवारा मारा. भागलं नाही तर लिटरभर पाण्यात 2-3 मिली कडुनिंब तेल आणि थोडा द्रवसाबण, तोही ऊन उतरल्यावर. आधी एकाच रोपावर मारून दिवसभर थांबा.