लिप बामची सवय लागते म्हणे? ते खरं नाही

एक मेसेज फिरतोय की लिप बाम रोज लावला तर ओठ स्वतःचं तेल बनवायचं बंद करतात आणि मग आयुष्यभर बाम लागतो. अहो पण ओठांच्या लाल भागाला घामाच्या ग्रंथी नसतातच, तेलाच्याही जवळपास नसतात, मग बंद काय होणार? त्यात तिथली कातडी एकदम पातळ, म्हणून ओलावा पटकन उडतो आणि थंडी, वारा, एसी, तोंडाने श्वास घेणं यातलं काहीही झालं की ओठ फुटतात.

मग बाम लावूनही काहींचे ओठ सुकतात ते का, तर मेन्थॉल, कापूर, सुगंध, फ्लेवर हे घटक बघा. गारगार वाटतं पण चुरचुरतं, मग परत लावायचं, परत चुरचुरतं, आणि माणसाला वाटतं सवय लागली! साधी पेट्रोलियम जेली लावा, झोपताना तर जरा जाडच, उन्हात जाताना एसपीएफ ३० वाला बाम.

आणि प्लीज ओठ चाटू नका, थुंकी सुकताना ओठ अजून कोरडे करते, आणि थुंकीतली पाचक द्रव्यं कातडीला झोंबतात ते वेगळंच. सालपटं ओढणं पण बंद.

फक्त कोपरेच फाटत असतील तर बुरशी किंवा लोह, बी जीवनसत्त्वं कमी असू शकतात, तिथे बाम पुरत नाही. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर ओठ सुकणारच, डॉक्टरांना सांगा. खालच्या ओठावर एकच खरखरीत चट्टा दोन-तीन आठवड्यांत भरला नाही तर मात्र दाखवायलाच जा.